जुन्या मिसिंग आणि न उलगडलेल्या खुनांच्या केसेस: लक्ष टिकवायचं तर आधी काय, नंतर काय

अशा केसमागे स्वेच्छेने उभे राहणारे बहुतेक गट सुरुवात समाजमाध्यमांवरच्या पोस्टपासून करतात. फोटो, लाल अक्षरांत ‘जास्तीत जास्त शेअर करा’, खाली घरच्या कुणाचातरी मोबाईल नंबर. चार दिवस फोन खणखणतो. बरेचसे फोन नुसत्या चौकशीचे, काही चक्क पैसे उकळायला केलेले. मग शुकशुकाट. दरम्यान पोलीस ठाण्यातल्या फाइलमध्ये एका ओळीचीही भर पडलेली नसते, कारण जी काही माहिती आली ती तिथवर पोचलेलीच नसते.

क्रम उलटा झाला की असंच होणार. पोस्ट हे या कामातलं पाचवं पाऊल आहे. त्याआधी चार पावलं आहेत आणि ती कंटाळवाणी आहेत, म्हणून ती गाळली जातात.

हा लेख महाराष्ट्रातल्या जुन्या केसेसबद्दल आहे. माणूस बेपत्ता होऊन काही महिने किंवा वर्षं लोटली आहेत, किंवा खुनाचा तपास थंडावला आहे आणि तुम्ही चार-पाच जण स्वेच्छेने त्या केसमागे उभं राहायचं म्हणताय, असं धरून चाललो आहे. कुणी आज-काल बेपत्ता झालं असेल तर वाचत बसू नका. थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, नाहीतर ११२ला फोन करा. मूल असेल तर १०९८.

काही करायच्या आधी एक प्रश्न विचारत चला: यातून तपासी अधिकाऱ्याच्या टेबलावर नवं काय जाणार आहे? उत्तर सापडत नसेल तर ती गोष्ट मागे ठेवा.

टप्पा १: परवानगी कोणाची आणि कशाची

घरच्यांनी फोनवर ‘हो, करा काहीतरी’ म्हटलं म्हणजे संमती मिळाली असं नाही. कागदावर लिहून घ्या. कोणता फोटो वापरायचा, कोणते तपशील द्यायचे, कोणते कधीच द्यायचे नाहीत, पत्रकारांशी कोण बोलणार आणि घरच्यांनी ‘आता थांबा’ म्हटलं तर किती वेळात सगळं उतरवायचं. घरातला एक माणूस आणि गटातला एक माणूस ठरवा. निरोपांची देवाणघेवाण त्या दोघांतच व्हावी. सगळ्यांनी सगळ्यांना फोन करायला सुरुवात केली की पंधरवड्यात घरचे वैतागतात.

मिसिंगची खबर कुणी दिली आहे ते आधी पाहा. विवाहित स्त्री बेपत्ता असेल तर माहेर आणि सासर यांची गोष्ट अनेकदा जुळत नाही. माहेरच्यांचा संशय सासरवर असतो आणि सासरचे म्हणतात, ती आपणहून गेली. दोन्हीकडची संमती मिळेलच असं नाही. अशा केसमध्ये पत्रकात नात्यांबद्दल एक शब्दही लिहू नका. ‘घरगुती वादातून’ हे दोन शब्दसुद्धा कुणाची तरी बाजू घेतात.

आता या टप्प्यातला सगळ्यात अवघड भाग. सज्ञान माणसाला घर सोडून जाण्याचा हक्क आहे. मारहाणीला कंटाळून निघालेली बाई, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेलं जोडपं, कर्ज देणाऱ्यांपासून लपलेला माणूस, हे सगळे मिसिंग रजिस्टरमध्येच असतात. त्यांना शोधायला निघालेला माणूस दरवेळी त्यांच्या भल्यासाठीच निघालेला असतो असंही नाही. पोलीसही अशी सज्ञान व्यक्ती सापडल्यावर तिचा जबाब घेतात, तिची इच्छा विचारतात आणि घरी पाठवायची सक्ती करत नाहीत. मग तुम्ही कोण करणारे? गटाचा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा: व्यक्तीचा सध्याचा ठावठिकाणा कळला तर तो फक्त पोलिसांना कळवला जाईल. घरच्यांना नाही, गटातल्या इतरांनाही नाही. हा नियम घरच्यांना आधीच वाचून दाखवा. त्यावर जे भडकतात त्यांची केस घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

सावधान: गुन्ह्यात लैंगिक अत्याचाराचं कलम असेल तर पीडितेचं नाव, फोटो, गाव, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली हा गुन्हा आहे. पीडिता हयात नसली तरी हेच लागू होतं. नातेवाइकांची परवानगी असली तरी ती पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये सांगितलं आहे. ओळख उघड करायची का, हा निर्णय सत्र न्यायाधीशांनी घ्यायचा. बालकांच्या बाबतीत पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय कायदा यांची बंधनं आणखी कडक आहेत. अशा केसचा पाठपुरावा करता येतो, पण तो गुन्हा नोंदणी क्रमांक, पोलीस ठाणं आणि तारीख यांच्या आधाराने.

टप्पा २: कागद गोळा करा

कोणत्या रजिस्टरमध्ये काय नोंदलं आहे ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. साधारण तीन शक्यता असतात.

मनुष्य मिसिंग नोंद: सज्ञान व्यक्ती हरवली की बहुतेक वेळा हीच होते. तिला क्रमांक असतो आणि चौकशी करणारा अंमलदार नेमलेला असतो. पण हा एफआयआर नाही. पुष्कळ कुटुंबं वर्षानुवर्षं ‘आम्ही एफआयआर केलाय’ म्हणत असतात आणि हातात असते ती मिसिंगची पोच.

गुन्हा, म्हणजे गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर): अठरा वर्षांखालचं मूल असेल तर अपहरणाचा गुन्हा नोंदवायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३मध्ये बचपन बचाओ आंदोलनच्या याचिकेवर सांगितलं. सज्ञान व्यक्तीबाबत घातपाताचा सबळ संशय असेल तर मिसिंगचं रूपांतर गुन्ह्यात करा, असा लेखी अर्ज घरच्यांना देता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

अकस्मात मृत्यू: मृतदेह सापडला पण गुन्हा नोंदला नाही, तर ही नोंद असते. ‘खून झालाय’ असं घरचे म्हणतात आणि कागदावर अकस्मात मृत्यू असतो, तेव्हा तुमची मागणीच वेगळी होते.

घटना १ जुलै २०२४च्या आधीची असेल तर गुन्ह्याची कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची असतील. अर्जात नवी कलमं घुसवू नका, कागदावर जे आहे तेच लिहा.

मग घटनाक्रम तयार करा. साध्या वहीत तीन रकाने पुरतात: वेळ, काय घडलं, कशावरून. तिसरा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत आणि खरं काम तिथेच असतं. ‘रात्री नऊला एसटी स्टँडवर दिसला’ हे वाक्य घ्या. कुणी पाहिलं? पाहणारा त्याला आधीपासून ओळखत होता, की फोटो पाहून नंतर म्हणाला? ‘नऊ’ कशावरून, शेवटच्या गाडीवरून की अंदाजाने? त्या माणसाचा जबाब फाइलमध्ये आहे का? एवढं विचारलं की अनेकदा ते ठाम वाक्य ‘कुणीतरी कुणालातरी सांगितलं’ इतकं पातळ होतं. जे पातळ निघेल त्यावर पेन्सिलने खूण करा. ते पत्रकात जाणार नाही. बातम्यांची कात्रणं जपून ठेवा, पण ‘कशावरून’च्या रकान्यात बातमी हे उत्तर चालत नाही. एका दैनिकातली चूक दुसऱ्यात उतरते आणि मग ती दोन पुरावे म्हणून मिरवते.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवस. तपास चालू असल्याचं कारण देऊन कलम ८(१)(ज) खाली नकार येऊ शकतो. पण नुसता ‘तपास चालू आहे’ एवढा शेरा पुरेसा नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं. त्यामुळे जबाबांच्या प्रती मागत बसू नका. तपासी अधिकारी किती वेळा बदलले, शेवटची नोंद कोणत्या तारखेची, शोधपत्रिका (बेपत्ता माणसाच्या वर्णनाचं पोलिसांचं पत्रक) कोणत्या जिल्ह्यांना पाठवली, असे प्रश्न विचारा. अर्ज घरच्यांच्या नावाने जावा. तुमच्या नावाने गेला तर खासगी माहितीचं कारण आयतंच मिळतं.

तपासून घ्या: नोंदीचा प्रकार, क्रमांक, तारीख, पोलीस ठाणं आणि सध्याचा तपासी अधिकारी, या पाचही गोष्टी एका ओळीत लिहिता येतात का? नसतील तर टप्पा ३कडे जाऊ नका.

टप्पा ३: पोलीस ठाण्यात जा, पण मोर्चा घेऊन नाही

घरच्यांपैकी एक आणि तुम्ही एक, एवढेच जा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तोंडी आश्वासन कितीही गोड असलं तरी पुढच्या बदलीबरोबर ते जातं.

बदली हा जुन्या केसचा मोठा शत्रू आहे. नवा अधिकारी येतो तेव्हा त्याच्यापुढे ताज्या गुन्ह्यांचा ढीग असतो आणि तुमची फाइल कपाटात तळाशी. म्हणून बदलीची बातमी कळली की पंधरा दिवसांच्या आत घरच्यांनी पुन्हा जायचं, एक पानी सारांश द्यायचा, नवी पोच घ्यायची. एवढं एक काम नेमाने केलं तरी तुमचा गट बहुतेक गटांच्या पुढे असेल.

पहिल्या भेटीत विचारायच्या गोष्टी:

कोणते तपशील जाहीर करू नयेत? खुनाच्या केसमध्ये काही गोष्टी फक्त मारणाऱ्याला आणि पोलिसांना माहीत असतात. उद्या कुणी कबुली दिली तर ती खरी की खोटी ते त्यांवरूनच ठरतं. घरच्यांना त्या ठाऊक असल्या तरी बाहेर जाऊ देऊ नका. जखम कुठे होती, मृतदेह कोणत्या स्थितीत होता, अंगावरची कोणती वस्तू गायब होती, हे सगळं यात येतं.

नातेवाइकांचे डीएनए नमुने घेतले आहेत का? बेपत्ता माणसं आणि अनोळखी मृतदेह यांचे नमुने आपोआप एकमेकांशी पडताळून पाहणारी देशव्यापी डीएनए बँक आपल्याकडे उभी राहिलेली नाही. त्यासाठीचं विधेयक २०२३मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे ‘हा मृतदेह त्या माणसाचा असू शकेल’ असा संशय आधी कुणाला तरी यावा लागतो, मग नमुने प्रयोगशाळेत जातात. लोकांचं लक्ष टिकवण्याचा खरा उपयोग इथे आहे.

मोबाईलचे कॉल तपशील मागवले होते का? कंपन्यांना ते दोन वर्षं ठेवावे लागतात, पुढे मिळतील याची खात्री नाही. केस दीड वर्षाची असेल तर हा अर्ज आजच द्या. सीसीटीव्हीचं चित्रण तर काही आठवड्यांतच पुसलं जातं, जुन्या केसमध्ये त्याच्यामागे धावू नका.

खुनाच्या केसमध्ये ‘ए’ समरी पाठवली आहे का? ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. कुटुंबाला वाटतं, केस संपली. संपलेली नसते. असा अहवाल स्वीकारण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. नंतर नवा पुरावा आला तर पुढील तपासही होऊ शकतो. खुनाला मुदतीची मर्यादा नाही.

गुन्हा नोंदलेला असेल तर तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं, हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपासाच्या आणि खटल्याच्या कार्यपद्धतीच्या कायद्यात (कलम १९३), लिहिलेलं आहे. भांडण्याऐवजी अर्जात तेवढं कलम नमूद करा. उत्तर आलं नाही तर पुढची पायरी उपविभागीय अधिकारी किंवा सहायक आयुक्त, त्यानंतर अधीक्षक किंवा आयुक्त. न्यायालयाची वाट वकिलाच्या सल्ल्याने.

टप्पा ४: एक पानी पत्रक

पोलिसांच्या वर्णनाची पद्धत रुक्ष वाटते, पण तिचा सांगाडा उत्तम आहे: वय, उंची, रंग, बांधा, चेहरा, केस, नाक, अंगावरचे कपडे, भाषा. त्यात एक दुरुस्ती करा. कपड्यांची ओळ पहिल्या काही दिवसांपुरती कामाची असते. दोन वर्षांनी ‘अंगात निळा शर्ट’ वाचून कुणीही कुणाला ओळखणार नाही. (अनोळखी मृतदेहाशी पडताळताना मात्र कपडे लागतात, म्हणून ती ओळ मूळ कागदात राहू द्या.) न बदलणाऱ्या गोष्टी वर आणा. गोंदण, जुन्या टाक्यांची खूण, तुटलेला दात, शस्त्रक्रियेचा व्रण, चालण्यातली लकब, कोणत्या भागातली बोली.

नमुना म्हणून एक काल्पनिक वर्णन:

‘पुरुष. बेपत्ता होतानाचं वय ५२, आज ५६. उंची अंदाजे ५ फूट ४ इंच. उजव्या भुवईतून गेलेला जुना व्रण, तिथे केस उगवत नाहीत. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला देवनागरीत गोंदलेलं दोन अक्षरी नाव. बोलताना वाक्याच्या शेवटी घसा खाकरण्याची सवय. मराठी बोलतो, हिंदी तुटक. स्मरणशक्तीचा त्रास, स्वतःचं गाव सांगताना जुन्या गावाचं नाव सांगू शकतो.’

शेवटचं वाक्य पाहा. आश्रमात काम करणाऱ्या माणसाला त्या एका वाक्याचा जितका उपयोग होईल तितका चेहऱ्याच्या फोटोचाही होणार नाही. दाढी वाढली, वजन उतरलं की चेहरा बदलतो.

फोटो दोन द्या: एक समोरून, एक पूर्ण उंचीचा. लग्नाच्या अल्बममधला रंगवलेला किंवा फिल्टर लावलेला नको. मूळ फोटो स्कॅन करून ठेवा, मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका. वय वाढल्यावर कसा दिसेल ते दाखवणारं संगणकीय चित्र घरच्या घरी बनवण्याचा मोह होतो. तो आवरा. लोक मग त्या काल्पनिक चेहऱ्यालाच शोधत बसतात.

खुनाच्या केसचं पत्रक वेगळं असतं. तिथे एकच प्रश्न विचारा आणि तो नेमका विचारा. ‘न्याय मिळालाच पाहिजे’ हे वाचून साक्षीदाराला काय आठवणार? ‘त्या दिवशी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात कालव्याच्या रस्त्याने तुम्ही गेला होता का? पांढरी गाडी उभी दिसली होती का?’ हे वाचून आठवतं. प्रश्न कोणता असावा ते टप्पा २च्या रकान्यांतली रिकामी जागा सांगते. जाहीर करण्याआधी तो तपासी अधिकाऱ्याला दाखवा.

सावधान, तीन गोष्टी पत्रकात नकोतच.

एक, घरच्यांचा मोबाईल नंबर. ‘तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ असे फोन त्या नंबरवर येतात आणि आस लावून बसलेले आईवडील खरोखर पैसे पाठवतात. पोलीस ठाण्याचा दूरध्वनी आणि नोंदीचा क्रमांक द्या. देण्याआधी तो नंबर दिवसा एकदा आणि रात्री एकदा फिरवून पाहा, बंद पडलेले नंबर वर्षानुवर्षं छापले जातात.

दोन, बक्षिसाची रक्कम. पोलिसांशी न बोलता जाहीर केलेलं बक्षीस आधी भामट्यांना जागं करतं.

तीन, संशयिताचं नाव, फोटो किंवा ‘गावातल्या एका बड्या असामीचा’ असा सूचक उल्लेख. बदनामीचा खटला हा त्यातला लहान धोका. तो माणूस निर्दोष असला तर त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होतं, आणि दोषी असला तर बचावाचा वकील तुमचीच पोस्ट दाखवून म्हणतो की साक्षीदारांनी नाव तिथे वाचलं.

टप्पा ५: पत्रक कुठे पाठवायचं

आता पोस्ट. पण ती पाठवायच्या जागांपैकी एक एवढंच तिचं स्थान. माणूस कुठे असू शकतो यावरून यादी करा.

मानसिक आजार किंवा विस्मरण असलेला माणूस: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, जिल्हा रुग्णालयं, भिक्षेकरी गृहं, वृद्धाश्रम, आणि रस्त्यावरच्या मनोरुग्णांना घरी पोचवणाऱ्या संस्था. कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन हेच काम करते. टपालाने कागद पाठवा, मग फोन करून पोचला का विचारा. सूचना फलकावर टाचलेला कागद मोबाईलमधल्या चित्रापेक्षा जास्त दिवस टिकतो.

मूल: बालकल्याण समिती आणि केंद्र सरकारचं मिशन वात्सल्य पोर्टल. तिथे नोंद आहे का, फोटो स्पष्ट आहे का, हे घरच्यांनी पोलिसांकडून खात्री करून घ्यावं.

रेल्वेने गेल्याची शक्यता: लोहमार्ग पोलिसांचं दप्तर वेगळं असतं. रुळांवर सापडलेल्या अनोळखी मृतदेहाची नोंद शहर किंवा ग्रामीण पोलीस ठाण्यात शोधत राहिलात तर ती कधीच सापडणार नाही. मार्गावरच्या प्रत्येक लोहमार्ग पोलीस ठाण्याला स्वतंत्र पत्र लिहा.

सीमेवरचे जिल्हे: सोलापूर, कोल्हापूर, सांगलीकडच्या केसला कन्नड पत्रक, नांदेडकडच्या केसला तेलुगू, आणि सगळ्यांना हिंदी. भाषांतर ती भाषा बोलणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. अंगावरच्या खुणांचं वर्णन यंत्राने केलं की व्रणाचा तीळ होतो.

अनोळखी मृतदेहांची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर पाहता येते. हे काम गटातल्या घट्ट मनाच्या एकाच माणसाने करावं आणि फोटो गटात टाकू नयेत. घरच्यांना तर ते परस्पर कधीच पाठवू नयेत. आधी कागदावर जुळवा. माणूस बेपत्ता होण्याच्या आधीच मृतदेह सापडला असेल तर तो बाद. गोंदण किंवा जुना व्रण जुळत असेल तर पुढे. नुसत्या वयाच्या फरकावरून बाद करू नका. पंचनाम्यातलं वय अंदाजाने लिहिलेलं असतं आणि त्या अंदाजात बऱ्याच वर्षांची चूक असू शकते. जुळलं असं वाटलं तर दोन्ही नोंदींचे क्रमांक लिहून तपासी अधिकाऱ्याकडे द्या. घरच्यांना कळवणं हे त्यांचं काम.

समाजमाध्यमांवर टाकायच्या चित्रातच तारीख छापा आणि खाली ‘हे पत्रक अमुक तारखेपर्यंतच पुढे पाठवा’ असं लिहा. बिनतारखेचा निरोप मरत नाही. सापडलेल्या मुलांचे फोटो अजून फिरतात, त्यातूनच ‘मुलं पळवणारी टोळी आली’ असे निरोप जन्माला येतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे अशाच अफवेवरून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. म्हणून पत्रकात ‘टोळी’, ‘पळवून नेलं’, ‘सावध राहा’ असे शब्द वापरायचे नाहीत.

टप्पा ६: माहिती आली, आता?

पत्रक बाहेर पडण्याआधी नोंदवही तयार हवी. तुमच्याकडे थेट आलेल्या प्रत्येक निरोपासाठी एवढंच लिहा: तारीख, वेळ, सांगणारा कोण (नाव सांगायचं नसेल तर तसं), त्याचेच शब्द, आणि पोलिसांना कधी, कशाने कळवलं. त्याचे शब्द सुधारू नका. ‘बहुतेक मंगळवार असावा’ असं तो म्हणाला तर ‘मंगळवारी’ लिहू नका.

उलटतपासणी करू नका. ‘गाडी पांढरीच होती ना?’ असं विचारलंत की पुढे न्यायालयात तो साक्षीदार निकामी झालाच म्हणून समजा. ‘तुम्ही हे तपासी अधिकाऱ्याला सांगाल का?’ एवढाच तुमचा प्रश्न. तो घाबरत असेल तर त्याची ओळख गटातही सांगू नका.

फोटो, ध्वनिमुद्रण किंवा निरोप मिळाला तर मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. कापू नका, त्यावर बाण काढू नका. ज्या फोनवर आली तो फोनही विकू नका, विजाणू पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ साधन महत्त्वाचं ठरतं.

आणि कुणी ‘तो अमुक ढाब्यावर काम करतोय’ सांगितलं म्हणून दोन मोटारसायकली काढून निघू नका. तो तो नसला तर एका अनोळखी माणसाला तुम्ही घेरलंत. तोच असला आणि त्याला सापडायचं नसलं तर तो त्या रात्रीतच पुढे जाईल.

तपासून घ्या: महिनाअखेरीस वहीतली प्रत्येक नोंद पोलिसांकडे पोचल्याचा पुरावा आहे का?

टप्पा ७: वर्षभराचा नेम

रोज पोस्ट टाकणारा गट तीन महिन्यांत थकतो आणि वाचणारे त्याआधीच. वर्षाला चार-पाच प्रसंग पुरे, पण ते ठरलेले हवेत: बेपत्ता झाल्याची किंवा खुनाची तारीख, माहिती अधिकाराचं उत्तर आल्यावर, अधिकारी बदलल्यावर, न्यायालयाच्या तारखेला. दर वेळी नवी एक गोष्ट हवी. काहीच नवं नसेल तर नवा प्रश्न तरी हवा. तोच फोटो, तोच मजकूर पुन्हा टाकला की डोळे त्यावरून घसरतात.

नेमाचं मोठं उदाहरण आपल्याकडे आहे. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर जमत राहिले. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, त्यामुळे पत्रकारांना आमंत्रणाची गरज उरली नाही. त्याच्या जोडीने न्यायालयीन लढाईही चालू होती. २०१४मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांची निर्दोष सुटका केली. तुमच्या केसमागे तेवढं परिचित नाव नसेल आणि संघटनाही नसेल. पण ठरलेली तारीख, ठरलेली जागा आणि हातात कागदावरची एक मागणी, एवढं चौघांनाही जमतं.

स्थानिक वार्ताहराला वर्धापनदिनाच्या दहा दिवस आधी एक पानी टिपण द्या, आदल्या संध्याकाळी नको. टिपणात घटनाक्रमातल्या फक्त पक्क्या ओळी हव्यात. घरच्यांना रडताना दाखवण्याचा आग्रह झाला तर नाही म्हणा, संमतीपत्रात ते लिहिलेलं असेलच.

बेपत्ता होऊन सात वर्षं झाली की मृत्यूच्या गृहीतकाचा प्रश्न येतो (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १११). वारस नोंद, विमा, निवृत्तिवेतन यांसाठी कुटुंब दिवाणी न्यायालयात जाऊ शकतं. पत्नी जायला तयार असते आणि आईला ते सहन होत नाही, असंही घडतं. त्यात गटाने मत देऊ नये. तुमच्या मजकुरात ‘बेपत्ता’ हाच शब्द ठेवा. न्यायालयाच्या निकालाने पोलिसांकडची शोधाची नोंद आपोआप बंद होते असं समजू नका आणि घरच्यांनाही तसं समजू देऊ नका.

टप्पा ८: सापडल्यावर, किंवा गट थांबताना

माणूस सापडला की आनंदाची पोस्ट टाकण्याची घाई होते. आधी पोलिसांकडून खात्री करा, मग त्या माणसाची इच्छा विचारा. पोस्ट एका ओळीची: ‘शोध थांबला आहे, कृपया जुनी पत्रकं पुढे पाठवू नका.’ कुठे सापडला, कसा होता, का गेला होता, यातलं काही नाही. मूल सापडलं असेल तर फोटो त्याच दिवशी सगळीकडून काढा, कारण आता ते संरक्षणाखालचं बालक असू शकतं आणि त्याची ओळख जाहीर करणं हा गुन्हा ठरतो. टप्पा ५मधली यादी पुन्हा काढा आणि प्रत्येक रुग्णालयाला, आश्रमाला, लोहमार्ग ठाण्याला फलकावरचा कागद उतरवायला सांगा.

मृतदेहाची ओळख पटली असेल तर घरच्यांनी सांगेपर्यंत गटाने काहीही लिहू नये. खुनात कुणाला अटक झाली असेल तर अटक म्हणजे शिक्षा नव्हे हे लक्षात ठेवून मजकुराची भाषा बदला. ‘मारेकरी सापडला’ असं लिहायचं नाही.

आणि काहीच झालं नाही, पण गटातले लोक पांगले, नोकरीसाठी बाहेर गेले, तर? गुपचूप बंद पडू नका. पोचांच्या मूळ प्रती, घटनाक्रमाची वही, पत्रकं पाठवलेल्या ठिकाणांची यादी आणि खात्यांचे पासवर्ड घरच्यांच्या हातात द्या. माहिती देणाऱ्यांची नोंदवही मात्र त्यांना देऊ नका. ती तपासी अधिकाऱ्याकडे जमा करा आणि त्याची पोच घ्या.